मिठाचा हात

धुकं इतकं खाली उतरलं होतं की शाळेचे पत्रे दिसत नव्हते, नुसते ठिबकत होते. जूनच्या थंडीत डेड्झाच्या उंच माळावर हे असंच. पाऊस म्हणावा तर पाऊस नव्हे, आणि अंगावरचं फडकं मात्र पिळून घ्यावं लागतं. फालेसी चुलीपुढं उकिडवी बसून फुंकत होती. निलगिरीची लाकडं ओली. धूर डोळ्यांत गेला, पाणी आलं, हनुवटीपर्यंत ओघळलं. तिनं पुसलं नाही. कशाला पुसायचं, परत येणारच.

तीन चुली, तीन हंडे. दोन मधले, एक थोरला. साडेचारशे पोरांची पेज रोज या तिघांत शिजायची. मका-सोयाबीनचं पीठ संस्थेचं, लाकडं गावातल्या आयांची, पाणी हापशाचं. विटांचा ओटा आणि वरचा पत्रा संस्थेनंच घालून दिलेला. भिंतीवर निळ्या अक्षरांत कुठल्या देशाच्या लोकांनी दिलं ते लिहिलेलं. फालेसीला ते वाचता येत नव्हतं, पण त्यावर धरलेली काजळी ती दर शुक्रवारी निघेल तेवढी काढायची.

डोक्यावर मोळी घेऊन डोरिका धुक्यातून आली. धाडकन मोळी टाकली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"उठलीस, का झोपलीच न्हाईस?"

"उठले."

"मग बरं. आज तुझं लगीन हाय बाई. पांढरा झगा, पांढरी टोपी. नवरदेव तेवढा पुढच्या गाडीनं यायचा."

फालेसीनं लाकूड आत सरकवलं. डोरिका तिची शेजारीण, तोंडानं फटकळ. फालेसीची पोरगी तिसुंगे गेली तेव्हा चार दिवस पाणी भरून देणारी हीच. चेष्टा केली की समोरच्यानं हसायला हवं, निदान चिडायला हवं. फालेसी दोन्ही करत नाही हे डोरिकाला आताशा सवयीचं झालं होतं. तरी ती करायची. बंद दारावर येताजाता थाप मारावी तशी.

झगा आणि टोपी कापालामुला साहेबांनी मागच्याच आठवड्यात आणून दिलेली. प्लास्टिकमध्ये घडी घातलेली, कोठीत मिठाच्या पेटीवर ठेवलेली. साहेब संस्थेचे अधिकारी. आठ शाळांवर देखरेख, बुडाखाली मोटारसायकल, खिशात तीन पेनं. त्यांनी सगळ्या आयांना ओट्यापुढं बसवून सांगितलं होतं, "शुक्रवारी पाहुणे येणार. हे मीठ त्यांच्याच गावच्या लोकांनी दिलंय. साधं मीठ नाही, औषध घातलेलं मीठ आहे. हे मीठ हंड्यात पडताना त्यांना बघायचंय. फोटो काढून तिकडच्या लोकांना दाखवायचाय. तेव्हा त्या दिवशी पाहुण्यांसमोर, थोरल्या हंड्यात, मीठ घालेल मुख्य स्वयंपाकीण. फालेसी. कळलं?"

"हो साहेब," फालेसी म्हणाली.

"आणि नीट झालं तर या शाळेला एक कायमची स्वयंपाकीण मिळेल. झगा तिचा, जागा तिची. नीट नाही झालं तर मी दुसरी बघेन."

"हो साहेब."

बायांनी माना खाली घातल्या होत्या. कुणी गवताची काडी तोडत होती, कुणी मांडीवरच्या पोराचं नाक पुसत होती.  सांगणार काय, आणि कुठल्या तोंडानं?

फालेसीच्या हातून हंड्यात मीठ पडून आठ महिने झाले होते.

ऑक्टोबरात तिची नऊ वर्षांची पोरगी तापानं गेली. आजारी पडल्याच्या तिसऱ्या दिवशी. ज्या बाईचं मूल गेलंय आणि जिचं सुतक अजून फेडलेलं नाही, तिनं दुसऱ्याच्या पोटात जाणाऱ्या अन्नाला मीठ लावायचं नसतं. तिचा हात तापलेला असतो. त्या हातचं मीठ खाल्लं की खोकला धरतो, पाय सुजतात, आणि पहिली धरतात ती लहान पोरं. म्दुलो म्हणतात त्याला. हे कुणी कुणाला शिकवत नाही. पाऊल टाकायला लागल्यापासून येतंच. म्हणून तर घरोघरी आमटीत मीठ घालायचं काम लहान पोरीचं असतं, नाहीतर म्हातारीचं. नवऱ्याच्या चटईपासून लांब, म्हणून त्यांचा हात थंड. फालेसीच्या घरात ते काम तिसुंगेचं होतं. ती भांड्यापाशी वाकून, जीभ दातांत धरून, औषध मोजावं तसं मीठ घालायची. मोजून आणि कमीच घालायची.

सुतक फेडायचं तर फालेसीच्या आईच्या भावानं यायला हवं, बिअर गाळायला हवी, डोकं भादरायला हवं, आणि नवरा-बायकोला मामानं परत एका चटईवर बसवायला हवं. मामा कासुंगूकडं तंबाखूच्या मळ्यावर. निरोप पाठवला की उलटा निरोप येई, तंबाखू बांधून झाली की निघतो. नवरा लेमेकी मातीनंतर आठ दिवसांनी आपल्या बहिणींच्या गावी गेला तो तिकडंच. त्याच्या बहिणींनी तिथं कंडी पिकवली होती, फालेसीनं नको त्या दिवशी आमटीला मीठ लावलं, म्हणून पोरगी गेली. फालेसीच्या कानावर ते आलं. आपण असं कधी केलं का, हे तिनं आठवून पाहिलं. एका दुपारभर बसून, एकेक दिवस मागं जात, पाहिलं. आठवलं नाही. केलं नाही असंही छातीठोक आठवलं नाही. मग तिनं ते सोडून दिलं, आणि त्याबरोबर आणखी काय काय सुटलं त्याचा तिला पत्ता नव्हता.

सुतक न फेडलेली बाई शाळेच्या हंड्यापाशी उभी कशी राहते, असं तेव्हा काही आयांनी विचारलंच होतं. गावप्रमुख चिम्बालांगा. गादीचं नाव पुरुषी, पण गादीवर बसलेली बाई चाळिशीची, ठसठशीत. तिला सगळे मफूमू म्हणत. तिनं निवाडा दिला. "हंडा हिचा, मीठ म्हाताऱ्या म्वालेचं. हिच्यासारखी पेज दुसऱ्या कुणाला हाटता येत असंल तर त्यानं पुढं यावं." कुणी पुढं आलं नाही. तेव्हापासून मिठाच्या पेटीची किल्ली फालेसीच्या गळ्यात आणि हात म्वाले आजीचा, असं चाललं होतं. संस्थेच्या कागदावर मीठ फालेसीच घालत होती.

तिला आणखी काही नको होतं. पहाटेपासून दुपारपर्यंत हातांना काम, एवढंच. हंडा गेला तर घरात बसावं लागणार. घर म्हणजे एक खोली, एक कोनाडा, आणि भिंतीला टेकवून ठेवलेली एक लहान गुंडाळलेली चटई. ती कुणाला देऊन टाकायची हे मामा आल्याशिवाय ठरवता येत नव्हतं. रविवारी शाळा बंद असते. रविवार कसा जातो ते तिला ठाऊक होतं.

म्वाले आजी काठी टेकत आली. दात चारच, पण बोलणं चौसष्ट दातांचं.

"आण किल्ली. आज काय करायचं ठरिवलंस?"

"आधीच तू घाल. सगळे यायच्या आत."

"आणि सायबापुढं?"

"मुठीत घेईन. वाफेत हात हलवीन. मूठ उघडायची न्हाई."

आजीनं तिच्याकडं पाहिलं. "माझा दुसरा नवरा असाच घरात पैसे टाकायचा," ती म्हणाली, आणि पेटी उघडून संस्थेच्या पिवळ्या चमच्यानं थोरल्या हंड्यात तीन चमचे मीठ घातलं. "बाकी दोघांत?"

"त्यात मागून. पाहुणे या हंड्यातलंच खाणार."

वल्ह्याएवढा लाकडी डाव दोन्ही हातांनी धरून फालेसी हाटत राहिली. पीठ फुगायला लागलं, बुडबुडे फुटायला लागले. उजाडलं तसं धुकं पांढरं झालं, पण उठलं नाही. मग ती हापशावर हातपाय धुवायला आणि झगा घालायला गेली. डाव तोवर डोरिकाच्या हाती दिला.

झगा खांद्यात घट्ट होता. टोपी डोक्यावर बसेना. केस आठ महिन्यांचे, भादरायचे राहिलेले. तिनं टोपी दाबून बसवली. परत आली तेव्हा डोरिका भलत्याच जोरानं हाटत होती, आणि कमरेच्या फडक्याची गाठ परत बांधत होती.

"काय झालं?"

"काय व्हायचंय? बुडाला लागंल म्हणून हाटतेय."

थोड्या वेळानं एनिफा आली. विशीतली, अंगावर पिणारं पोर, हातानं चपळ. संस्थेच्या शिकवणीला फालेसीबरोबर ती एकटीच गेली होती. तिनं फालेसीला लाकडं बघायला पाठवलं. "मावशी, ती मागची मोळी कोरडी हाय का बघ की." फालेसी गेली. मोळी ओलीच होती. येऊन पाहते तर मफूमू स्वतः ओट्यापाशी उभ्या, अंगावर ठेवणीतलं फडकं, डोक्याला रुमाल.

फालेसीनं गुडघे टेकून, ओंजळीनं दोन टाळ्या वाजवून मान दिला.

"अशीच आले," मफूमू म्हणाल्या. "पेज बघायला. चांगली हाय. चालू दे." आणि हात फडक्याला पुसत निघून गेल्या.

गाडी यायला दहा वाजले. ओढ्यात रुतली होती, आठवीच्या पोरांनी ढकलून काढली. पाहुणे तिघं. एक म्हातारी गोरी बाई हातात काठी घेतलेली, एक उंच माणूस गळ्यात कॅमेरा अडकवलेला, आणि एक तरुण पोरगी जिचे बूट चिखलानं घोट्यापर्यंत भरले होते. बायांनी गाणं धरलं, टाळ्या धरल्या, गोल फिरून नाचल्या. फालेसी ओट्यामागं उभी होती. पूर्वी गाणं तीच उचलायची. आता तिच्या जागी दुसरी कुणी उचलते, थोडं खालच्या पट्टीत उचलते, एवढं तिला कळलं. हेडमास्तर बोलले, मफूमू बोलल्या, कापालामुला साहेब दोन्ही भाषांत बोलले. पोरं वर्गवार ओळीत, हातात पेले, गारठ्यानं एका पायावर दुसरा पाय घाशीत उभी.

"आता," साहेब म्हणाले, "आमची मुख्य स्वयंपाकीण. फालेसी, ये. पेटी उघड. हळू कर सगळं, त्यांना फोटो घ्यायचाय."

तिनं पेटी उघडली. पुडा फोडला. पिवळा चमचा भरला, चमच्यातलं मीठ डाव्या तळहातावर घेतलं. पुढच्या रांगेत बसलेल्या बायांची पोरं मांडीवरून मागं, हंड्यापासून लांब सरकवली गेली. एकीनं तोंडावर हात धरला. फालेसीनं मूठ मिटली, हंड्यावर नेली, वाफेत दोनदा हलवली. कॅमेरा खटखटला.

"अजून एकदा! हसत!" साहेब म्हणाले.

तिनं अजून एकदा हलवली. हसणं राहून गेलं. मूठ मिटलेलीच घेऊन ती उजव्या हातानं हाटत राहिली.

"चाखून दाखव आता," मफूमू म्हणाल्या. पाहुण्यापुढं ठेवायचं ते रांधणाऱ्यानं आधी चाखायचं, ही रीत. फालेसीनं डावाच्या टोकाला लागलेली पेज बोटानं घेऊन जिभेवर ठेवली. गरम होती. बाकी काही नव्हतं. ऑक्टोबरापासून तिच्या जिभेला गरम आणि गार एवढंच कळत होतं. गोड, खारट, कडू सगळं एकाच ओल्या कापडासारखं. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. रोज सकाळी आजी चाखायची आणि ती आजीच्या तोंडाकडं बघायची.

"चांगली हाय," ती म्हणाली.

पेले भरले. म्हाताऱ्या पाहुणीनं पहिला घोट घेतला. थांबली. डोळे मिटले. परत घोट घेतला. डोळ्यांच्या कडांना पाणी आलं. तरी ती पीत राहिली, थोडं थोडं, पेला रिकामा होईपर्यंत.

"बघा," साहेब हळूच मफूमूंना म्हणाले, "भरून आलं त्यांना."

मग कॅमेरेवाल्यानं घोट घेतला आणि ठसका लागून वळला. तरुण पोरीनं पेला ओठाला लावून तसाच खाली धरला. आणि पहिलीतल्या ज्या मुलीला फोटोसाठी पुढं आणलं होतं तिनं घोट घेतला, फू करून साहेबांच्या बुटांवर थुंकला आणि अख्ख्या शाळेला ऐकू जाईल एवढ्यानं ओरडली, "खारट! लई खारट!"

ओळी फुटल्या. पोरं हसायला लागली. हेडमास्तरांनी टाळ्या वाजवून गप्प केली. साहेबांनी एक पेला उचलून चाखला. त्यांचा चेहरा आक्रसला. पाहुण्यांकडं बघून ते हसले, आणि हसू तसंच ठेवून, आपल्या भाषेत, दातांमधून बोलले.

"फालेसी. मीठ किती घातलंस?"

 पुढं बसलेल्या सगळ्या आयांचे डोळे तिच्यावर. फालेसीला त्या डोळ्यांतलं सगळं वाचता येत होतं. वाचून आत काही हलत नव्हतं एवढंच. मीच घातलं, चूक झाली, असं म्हटलं तर साहेब एकदा ओरडतील आणि झगा अंगावर राहील. पण या साठ-सत्तर बाया आज घरी जाऊन पोरांच्या पायांवर बोटं दाबून बघतील, सूज आहे का. उद्या कुणाला खोकला झाला की तो तिच्या हातचा. नाही घातलं म्हटलं तर झगा जाईल.

फार वेळ लागला नाही. ती ओट्याच्या पुढं आली. साहेबांकडं नाही, बायांकडं तोंड करून तिनं डावा हात पुढं धरला आणि मूठ उघडली.

घामानं आणि वाफेनं भिजलेलं मीठ तळहातावर तसंच होतं. गोळा होऊन, बोटांच्या रेघा उठलेला.

"मी न्हाई घातलं," ती म्हणाली. "आजबी न्हाई. आठ महिन्यांत एक दिवसबी न्हाई. पोरं सुखानं खाऊ देत."

बायांमधून एक लांब श्वास सुटला. कुणीतरी ओंजळीनं टाळी वाजवली, एकच, आणि थांबली.

"म्हणजे?" साहेब म्हणाले. "फोटो काढला तो? इतके महिने कोण घालत होतं?"

"मी," म्वाले आजी काठी आपटून म्हणाली. "का? माझ्या हाताला काय महारोग झालाय?"

"शिकवणी तिला दिली होती! तुम्हाला नाही!"

"मीठ घालायला शिकवणी? सायबा, तुझ्या आयेनं तुला काय पुस्तक बघून वाढिवला का?"

म्हातारी पाहुणी काहीतरी विचारत होती. साहेब तिच्याकडं वळून गोड आवाजात बरंच बोलले. काय बोलले कुणास ठाऊक. ऐकून ती काठी टेकत पुढं आली आणि फालेसीचा उघडा हात आपल्या दोन्ही हातांत धरून हलवला, बराच वेळ हलवला. सोडला तेव्हा तिच्या गुलाबी तळव्यांना मीठ चिकटलेलं होतं.

"आता हिला धरंल का गं?" मागून कुणीतरी कुजबुजलं.

"गोऱ्यांना म्दुलो न्हाई धरत," आजी म्हणाली. "ती डब्यातलं खात्यात. त्यात मीठ कुणी घातलं, कुठल्या चटईवरनं उठून घातलं, कोण बघायला गेलंय?"

पाहुण्यांना नव्या वर्गखोल्या आणि संडास दाखवायला हेडमास्तर घेऊन गेले. साहेब मागं राहिले. बोलताना ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं, असं डोरिका नंतर म्हणाली.

"मला तुझ्या घरच्या गोष्टी ठाऊक नाहीत, आणि ठाऊक करून घ्यायच्याही नाहीत. पण मला वर लिहून द्यावं लागतं. जिला मीठ घालता येत नाही तिला मी स्वयंपाकीण कशी म्हणू? झगा काढ."

तिनं काढला. टोपी काढली. किल्लीचा दोरा मानेवरून काढताना केसांत अडकला, तो तिनं सोडवला. साहेबांनी ते सगळं एनिफाच्या हातात दिलं. "सोमवारपासून तू. शिकवणी तुझीही झालीय." एनिफा झगा छातीशी धरून उभी राहिली. तिचं पोर पाठीवरून त्याची नाडी ओढत होतं. साहेब पाहुण्यांच्या मागं गेले.

साडेचारशे पोरं रिकामे पेले घेऊन उभी होती.

"बाकीच्या दोन हंड्यांत मीठ घातलंय का कुणी?" फालेसीनं विचारलं.

कुणीच घातलं नव्हतं. आज सगळ्यांचं लक्ष थोरल्यावर.

"मग हे त्यात वाटा. निम्मं निम्मं. तो हिकडं वढा, जाळ कमी करा. डोरिका, एक बादली गरम पाणी."

बाया हलल्या. बादल्यांनी थोरल्यातली पेज दोन हंड्यांत पडायला लागली. फालेसी एका हंड्याचं हाटून झालं की दुसऱ्याकडं जात होती, गुठळी दिसली की डावाच्या पाठीनं दाबत होती. आजीनं दोन्हीकडचं चाखलं. तोंड वाकडं केलं, मग सरळ केलं. "हां. आता माणसाचं झालं."

"पर आजी," डोरिका म्हणाली, "तू किती घातलंवतंस?"

"तीन चमचे. रोजचे."

"तीन चमच्यानं एवढं?"

 मग डोरिकानं कमरेच्या फडक्याची गाठ सोडून दाखवली. रिकामी, ओली. "मी घरनं आणलंवतं. मूठभर. म्हटलं, आधीच पडलेलं असलं म्हंजे हिला घालायची पाळी आली तरी आपण सांगू, नगं सायेब, झालंय घालून."

"अगं भवाने!" आजी म्हणाली.

"मीपण," एनिफा रडवेल्या आवाजात म्हणाली. "मी मावशीला मोळी बघायला धाडलं तवा. पर माझा हात थंडच हाय गं, शप्पत. पोर पितंय माझं, नवऱ्याला मी अजून ओसरीवर झोपवते."

"ते आख्ख्या गावाला ठाव हाय, त्यो ओसरीवर गाणी म्हणतो रातभर."

बायांमध्ये हसू फुटलं. हसता हसता सगळ्यांच्या नजरा मफूमूंकडं वळल्या. त्या खांबाला टेकून उभ्या होत्या, रुमाल नीट करत.

"चिमूटभर," मफूमू म्हणाल्या. "म्हाताऱ्या माणसाला विसर पडतो. म्हटलं, राहिलं असंल तर."

"मफूमू, तुमची चिमूट म्हंजे आमची ओंजळ."

आता मात्र सगळ्या हसल्या. डोळे पुसत हसल्या. एकमेकींच्या पाठीवर थापा मारत हसल्या. चौघींनी, एकमेकींना न सांगता, एकाच बाईला वाचवायला एकाच हंड्यात मीठ घातलं होतं, कारण ही गोष्ट चारचौघींत बोलायची नसते. फालेसीनं ते ऐकलं. ऐकून तिला कळलं. हे चांगलं आहे, हेही कळलं. लांबच्या डोंगरावर ऊन पडलेलं दिसावं तसं. तिनं डाव झटकला.

"बोलवा पोरांना. पहिली-दुसरी आधी."

पोरं आली. पेले भरले गेले. वाढताना ती पेल्याकडं बघायची, चेहऱ्याकडं नाही. तिसरीची, तिसुंगेच्या वर्गाची ओळ आली तेव्हाही तसंच केलं. सगळी पोरं प्याली, कुणी थुंकलं नाही, काहीजण परत आली.

पाहुण्यांची गाडी गेली. साहेबांची मोटारसायकल गेली. धुकं तिथंच होतं.

मफूमू ओट्यापाशी आल्या. फालेसी गुडघे टेकायला गेली तर त्यांनी दंडाला धरून थांबवलं.

"तुझ्या मामाला आज माणूस धाडते. माझ्या नावानं. तंबाखू बांधून झाली न झाली, आठ दिवसांत त्यो हितं पायजे. न्हाईतर मी बिअर गाळते आणि मीच डोकं भादरते. आणि लेमेकीला त्याच्या भणींच्या पदराखालनं वढून आणायला दोन बाप्ये लागत्यात, ते हायत माझ्याकडं."

"हो, मफूमू."

"नुस्तं हो?"

  फालेसीनं ओंजळीनं दोन टाळ्या वाजवल्या.

मफूमू गेल्या. बाया मोकळ्या टोपल्या, बादल्या उचलून पांगल्या. एनिफा तेवढी राहिली. झगा तिनं घातला नव्हता, खांद्यावर टाकला होता.

"मावशी, मी न्हाई मागितला गं."

"ठाव हाय."

"सोमवारी येशील न्हवं? मला एवढ्या पिठाच्या गुठळ्या मोडत न्हाईत. पोरं मला चोपून काढतील."

"पाणी कोमट असतानाच पीठ टाकायचं. उकळी फुटल्यावर टाकतेस, म्हणून हुतं."

"पर येशील न्हवं?"

"सायेब नसतील तवा येईन."

"त्यो म्हैन्यातनं एकदा येतो."

"मग एक दिवस न्हाई यायची."

 मग पाठीवरचं पोर रडायला लागलं तशी एनिफा गेली, झगा खांद्यावरून घसरत, किल्ली मुठीत धरून.

थोरला हंडा चुलीवरून उतरवलेला, ओट्याखाली कलंडून पडला होता. बुडाला पेजेची जाड खरपुडी धरलेली. आज जाळ जास्त झाला होता. फालेसीनं हंडा ओढत हापशाच्या फरशीवर नेला. दोन बादल्या पाणी उपसून आत ओतलं, थोडं भिजू दिलं. चुलीतली राख वाडग्यात आणली. मक्याचं एक कणीस, दाणे काढलेलं, हातात घेतलं, आणि खांद्यापर्यंत हंड्यात वाकून खरवडायला लागली. खरपुडी तुकड्यातुकड्यानं सुटत होती. मधे एकदा तिनं हंडा उजेडाकडं फिरवून बघितला. बुडाशी एक काळं कडं राहिलं होतं. तिनं आणखी मूठभर राख टाकली.